त्रेचाळीस क्रमांकाचे कुवेसकर

नंदकिशोर कुवेसकरांना वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पोलीस चौकीत बसावं लागलं, ते चालल्यामुळे. चोरी नाही, मारामारी नाही, चुकीच्या जागी गाडी लावली म्हणावं तर त्यांच्याकडे गाडीच नाही. माणूस पांढरा टी-शर्ट घालून रस्त्याच्या कडेनं सरळ चालत होता. सरळ म्हणजे त्यांच्या पोटाच्या मानानं जितकं सरळ चालता येईल तितकं.

या सगळ्याचं मूळ होतं नवी मुंबईत, उलव्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारच्या सूचनाफलकावर. त्या फलकावर एरवी पाण्याची टाकी कधी धुणार आणि ओला कचरा कुठे टाकू नये याखेरीज काही वाचायला मिळत नाही. पण त्या दिवशी तिथे एक निळा कागद होता. पनवेलजवळच्या कुठल्याशा फिजिओथेरपी कॉलेजानं लावलेला. ‘चालण्याचा व्यायाम आणि मनाचं स्वास्थ्य. वजन जास्त असलेल्या, मधुमेह असलेल्या किंवा नसलेल्या प्रौढांसाठी बारा आठवड्यांचा अभ्यास. सहभागी व्हा.’

तो वाचला अरुणाने. अरुणा म्हणजे कुवेसकरांची पत्नी. घरी ब्लाउज शिवायची, त्यामुळे दिवसातले सहा तास मशीनवर बसून काढायची, आणि चार वर्षांपासून तिला शुगर होती. डॉक्टर दर वेळी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली ‘चालणे’ असं लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारत. आधी एक मारत असत.

“आपण दोघंही बसतो यात,” ती जेवताना म्हणाली. “मी ‘असलेल्या’त आणि तुम्ही ‘नसलेल्या’त.”

“माझं वजन जास्त नाही,” कुवेसकर म्हणाले. “माझी हाडं जड आहेत.”

कॉलेजातल्या काट्यानं एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम दाखवलं. उंची पाच फूट पाच. नुसत्या हाडांचं एवढं वजन भरत नाही, असं तिथल्या संघमित्रा गमरे मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या तिशीतल्या, चष्मेवाल्या, फार सभ्य बाई. त्या फक्त हसल्या, आणि कुवेसकरांना तेच जास्त लागलं.

मॅडमनी नीट समजावून सांगितलं. निम्मी मंडळी चालणार, निम्मी मंडळी आहे तशीच राहणार, आणि शेवटी दोघांची तुलना करणार. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकून ठरवणार. तिथे वशिला चालणार नाही. कुवेसकरांनी मनातल्या मनात दुसऱ्या गटासाठी प्रार्थना केली. आहे तसं राहण्याचा त्यांना चोपन्न वर्षांचा अनुभव होता. मग मॅडमनी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, ती दोघांचीही घरी राहिलेली, म्हणून कुवेसकर मोबाइलमधला फोटो घेऊन समोरच्या दुकानात झेरॉक्स काढायला गेले. तिथे आधीच्या माणसाची अख्खी सातबाऱ्यांची थप्पी चालू होती. ते परत आले तोवर अरुणाने दोघांचे फॉर्म भरून, देऊन, पावती घेऊन चहासुद्धा प्यायला होता.

दहा दिवसांनी दोन खोकी आली. वर पत्ता आणि ‘कुवेसकर कुटुंब’. एका खोक्यावर ४३, दुसऱ्यावर ४४. नाव कुठेच नाही, कारण माहिती गुप्त राहावी असा अभ्यासाचा नियम होता.

“मी त्रेचाळीस,” कुवेसकर म्हणाले.

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे? रेशन कार्डावर आधी नाव कोणाचं आहे? वीजबिल कोणाच्या नावावर येतं? घरातल्या कर्त्या माणसाचा नंबर आधी, मग बाकीच्यांचा. ही साधी कार्यालयीन पद्धत आहे.”

“अहो, पण त्या दिवशी तुम्ही झेरॉक्सला गेला होतात. मला वाटतं मी माझा फॉर्म आधी…”

“अरुणा,” कुवेसकर शांतपणे म्हणाले, “एकतीस वर्षं मी हेच करतोय.”

हे खरं होतं. न्हावाशेव्याच्या बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत ते कागदपत्रं पाहायचे. कंटेनरवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो की नाही, एवढंच त्यांचं काम, आणि त्यांच्या हातून आजवर एकही कंटेनर चुकीच्या माणसाच्या घरी गेलेला नव्हता. अरुणाने कात्री पुढे केली. कुवेसकरांनी विजयी मुद्रेनं त्रेचाळीस नंबरचं खोकं उघडलं.

आत पावलं मोजायचा काळा पट्टा, पिवळी डायरी, आणि पत्र. ‘अभिनंदन! आपली निवड चालणाऱ्या गटात झाली आहे. आठवड्यातून पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं…’

चव्वेचाळीस नंबरच्या खोक्यात फक्त पत्र. ‘आपण आपली दिनचर्या आहे तशीच ठेवावी. या काळात कोणताही नवीन व्यायाम सुरू करू नये.’

इथे दुसऱ्या कोणीही माणसानं, अगं बाई, तुझंच बरोबर असेल, असं म्हणून खोकी बदलून घेतली असती. कुवेसकरांच्या जिभेवर ते आलंही होतं. पण रेशन कार्ड, वीजबिल आणि एकतीस वर्षं एवढं सगळं एकदा मांडून बसल्यावर माणसानं उठायचं कुठून? त्यांनी पट्टा मनगटाला बांधला. तो शेवटच्या भोकात बसला. अरुणाने आपलं पत्र दोनदा वाचलं, “बरं” म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

आता उलव्यात सकाळी चालायचं म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. रस्ते रुंद आहेत, नवे आहेत, पण त्यावर डंपर, सिमेंटचे मिक्सर आणि कुत्री यांचा आधीपासून ताबा आहे. कुत्री तर प्रत्येक सेक्टरची वेगळी, आणि एका सेक्टरचा माणूस दुसऱ्या सेक्टरात गेलेला त्यांना खपत नाही. पहिल्याच दिवशी कुवेसकर अकरा मिनिटं चालले आणि नऊ मिनिटं एका पानटपरीच्या बाकड्यावर उभे राहिले. पट्ट्यानं दोन्ही धरून वीस मिनिटं मोजली, तेव्हा त्यांना त्या यंत्राबद्दल थोडी आपुलकी वाटली.

शिवाय सल्ले. वजनदार माणूस एकदा चालायला लागला की तो सार्वजनिक मालमत्ता होतो. सोसायटीचे चेअरमन देवजी घरत, मूळचे इथल्याच गावचे, जमिनी गेल्या पण आवाज तसाच राहिलेला. ते गेटवर उभे राहून दात घासत कुवेसकरांकडे बघत.

“कुवेसकर, हात पन हालवा. नायतर पोट एकटाच पुढं जाल नि तुमी मागं रावाल.”

कुवेसकरांनी हात हलवले.

“एवढं नाय. लेफ्ट-राइट नाय करायचा हाय. आमचा बाप मिठागरान राबला, त्याला कोनी चालाचा शिकवला नाय. नि वजन बगाल तर, बावन किलो!”

मिठागर मिळालं असतं तर कुवेसकरांनीही प्रयत्न केला असता.

दुसऱ्या मजल्यावरचे जयप्रकाश नागरगोजे मूळचे बीडकडचे, मोबाइलवर आरोग्याचे व्हिडिओ बघण्यात पारंगत. त्यांचं म्हणणं, सरळ चालून काही होत नाही, खरा फायदा उलटं चालण्यात आहे. “गुडघे, कंबर, मेंदू, सगळं एकदम जागं होतंय बगा. जपानात शंभर वर्षांची म्हातारी उलटी चालत्यात.” जपानातल्या म्हाताऱ्या घरी कशा पोचतात, हे विचारायचं कुवेसकरांच्या मनात आलं होतं. पण सल्ला देणाऱ्याचा मान राखायचा म्हणून ते दुसऱ्या दिवशी उलटे चालले. अठ्ठावीस पावलं उत्तम गेली. एकोणतिसाव्याला ते राहीबाईच्या बोंबलाच्या टोपलीत बसले.

“आरं बाबा!” राहीबाई ओरडली. ती रोज सकाळी मासळी घेऊन त्या कोपऱ्यावर बसते. “डोलं कुठं हायेत तुजं? पाठीला हायेत का?”

पुढचा भाग अपमानाचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ज्यावर आपण बसलो ते विकत घ्यावं, एवढी सभ्यता कुवेसकरांत होती. ते दोन किलो चेपलेले बोंबील घेऊन, पाठीमागून ओले होऊन घरी आले. अरुणाने दार उघडलं, आधी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि बाजूला होऊन वाट दिली. नंतर स्वयंपाकघरातून बराच वेळ भांड्यांचा नसलेला कसलातरी आवाज येत होता. ती हसत असावी. कुवेसकरांनी खात्री करून घेतली नाही.

पण चालण्यापेक्षा त्यांना छळलं ते रविवारानं. रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या मोबाइलवर कॉलेजकडून रेकॉर्ड केलेला फोन येई. दोन्ही फॉर्मवर त्यांचाच नंबर होता, पण प्रश्न फक्त चालणाऱ्यांना असत. एक गोड आवाज म्हणे, “क्रमांक त्रेचाळीस, नमस्कार. गेल्या आठवड्यात आपल्याला किती वेळा प्रसन्न वाटलं? कधीच नाही, एक दाबा. कधी कधी, दोन दाबा. बऱ्याचदा, तीन दाबा. सांगता येत नाही, चार दाबा.”

कुवेसकर बोट अधांतरी धरून बसत. त्यांना आजवर कोणी हे विचारलंच नव्हतं. जेवण झालं का, मीटिंग झाली का, लाइट बिल भरलं का, हे लोक विचारतात. प्रसन्न? ते ओरडून विचारत, “अगं, मी मंगळवारी प्रसन्न होतो का?”

“मंगळवारी तुम्ही गवारीवरून बोललात मला.”

“मग बुधवारी?”

“बुधवारी गवार संपली होती.”

तेवढ्यात पुढचा प्रश्न. “आपल्या जवळच्या माणसांना आपण समजून घेतो, असं आपल्याला वाटलं का?” आता याचं उत्तर बायकोला विचारून द्यायचं की न विचारता? विचारलं तर समजून घेत नाही असं सिद्ध होतं, आणि न विचारलं तरी तेच. पुढे, “आयुष्याला दिशा आहे असं वाटलं का?” उलव्यात जिथे दर महिन्याला खोदकामामुळे रस्ता वळवतात तिथे हे विचारणं त्यांना जरा खवचट वाटलं. शेवटी त्यांनी प्रामाणिक माणसाला शक्य होतं ते केलं. सगळ्याला चार दाबलं. दर रविवारी.

तिसऱ्या आठवड्यात एकदा संध्याकाळी ते बूट चढवत असताना अरुणा मशीनवरून उठून आली.

“मी येऊ का तुमच्याबरोबर? फार नाही. कोपऱ्यापर्यंत.”

कुवेसकरांनी बुटाची नाडी सोडली, आत गेले, तिचं पत्र आणलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. “‘कोणताही नवीन व्यायाम सुरू करू नये.’ तू आलीस तर अभ्यास बिघडेल. शास्त्राचा प्रश्न आहे, अरुणा.”

“कोपऱ्यापर्यंत शास्त्राला काय होतंय?”

“आज कोपरा, उद्या सेक्टर. मग तुलना कशाची करणार ते?”

पायांत चढवलेली चप्पल तिनं पुन्हा काढून कडेला नीट लावली आणि आत गेली. त्या संध्याकाळी कुवेसकर चालताना उगीचच नाखूश होते. चार दिवस आधी तिची शुगर थोडी वाढलेली आली होती. डॉक्टर काय म्हणाले विचारल्यावर ती म्हणाली होती, “तेच. दोन रेघा.”

कुत्री, डंपर आणि नागरगोजे या तिघांनाही टाळायचं म्हणून कुवेसकरांनी पाचव्या आठवड्यात नवी जागा शोधली. विमानतळाच्या बाजूला एक लांबलचक कुंपण जातं, त्याच्या कडेचा रस्ता सकाळी निर्मनुष्य असतो. ते तिथे सहा फेऱ्या मारू लागले. पिवळ्या डायरीत वेळ, वाटेत दिसलेल्या गोष्टी आणि त्यामुळे मनाला काय वाटलं, ते लिहायचं होतं. एकतीस वर्षांच्या कागदपत्रांचा हात. त्यांनी ते काम असं केलं की बघत राहावं.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी दोन पोलीस मोटारसायकलवरून आले, त्यांच्या शेजारी थांबले, आणि त्यातल्या वयानं मोठ्या हवालदारांनी आदबीनं डायरी मागितली.

चौकीत हवालदार ती मोठ्यांदा वाचत होते. “‘सहा चौदा. पहिलं विमान. पांढरं. बरं वाटलं.’ ‘सहा वीस. कुंपणाच्या वळणावर दोन पहारेकरी. एक पेंगत होता. काळजी वाटली.’ ‘सहा एकतीस. दुसरं विमान. कालच्यापेक्षा सात मिनिटं उशिरा. अस्वस्थ.’” त्यांनी मान वर केली. “साहेब, विमान उशिरा आलं तर तुम्ही का अस्वस्थ?”

“मी असं नाही… म्हणजे मला तसं वाटलं. वाटलं ते लिहायचं असतं.”

“कोणासाठी?”

“शास्त्रासाठी.”

हवालदारांनी शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. मग कुवेसकरांनी सगळं सांगितलं: निळा कागद, काटा, खोकी, पट्टा. जसजसं ते सांगत गेले तसतसं त्यांनाच ते खोटं वाटायला लागलं. पहाटे उठून कुंपणाच्या कडेनं सहा फेऱ्या मारायच्या आणि त्यातून आपण सुखी आहोत का हे कॉलेजला कळवायचं, असं एखाद्यानं त्यांना सांगितलं असतं तर त्यांनीही त्याला बसवून ठेवलं असतं.

“कॉलेजला फोन लावा,” हवालदार म्हणाले. “स्पीकरवर.”

दोनदा व्यस्त लागल्यावर संघमित्रा मॅडमचा आवाज आला.

“मॅडम, मी त्रेचाळीस बोलतोय.”

“त्रेचाळीस? एक मिनिट हं, यादी बघते.” कागद चाळल्याचा आवाज. “सर, काहीतरी चुकतंय. त्रेचाळीस नंबर महिला आहेत. वय एक्कावन्न. चार वर्षं मधुमेह.”

हवालदारांनी पेन टेबलावर ठेवलं आणि कुवेसकरांना मिशीपासून बुटांपर्यंत एकदा सावकाश पाहून घेतलं.

“मॅडम, गोंधळ होतोय. मी स्वतः रोज चालतोय!”

“तुम्ही त्यांचे कोण, मिस्टर का? बरं झालं फोन केलात. आम्ही त्यांना बोलावणारच होतो. सात आठवडे प्रत्येक प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ दाबतायत त्या. प्रसन्न वाटतं का, सांगता येत नाही. घरच्यांचा आधार वाटतो का, सांगता येत नाही. सर, स्पष्ट विचारते, घरी काही त्रास आहे का त्यांना? तुम्ही घरी कसे वागता?”

हवालदार फोनकडे झुकले. “मॅडम, मिस्टर इथेच आहेत. पोलीस चौकीत.”

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग अगदी हळू, “अरे देवा. त्यांनी त्यांना काही केलं का?”

“नाही, नाही!” कुवेसकर खुर्चीतून अर्धे उठले. शिपायानं खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं.

हवालदारांनी घरी फोन केल्यावर पाऊण तासानं अरुणा रिक्षानं आली. दोघांची आधार कार्डं, दोन्ही पत्रं आणि ओळखीचा माणूस म्हणून देवजी घरत, असं सगळं बरोबर घेऊन. देवजींनी चौकीत शिरताच ताबा घेतला.

“साहेब, हा मानूस आमच्या सोसायटीचा हाय, पाचव्या माल्यावरचा. हेर? ह्याला मीटिंगची तारीक लक्षात रात नाय, हा काय हेरगिरी करनार! बोंबलात बसतो हा मानूस.”

ही साक्ष इतकी पटणारी होती की हवालदारांनी हसून डायरी परत केली. उद्यापासून आतल्या रस्त्यानं चाला आणि विमानांच्या वेळा लिहू नका, असं बजावलं. कुवेसकरांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते अरुणाकडे बघत होते. हवालदारांनी फोनवर तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. तिनं दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

“म्हणजे चालायचं मला होतं,” ती म्हणाली.

“कागदोपत्री,” कुवेसकर म्हणाले. हा शब्द तोंडातून बाहेर पडताच त्यांना कळलं की आपण आणखी थोडं खाली गेलो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. ती घरी आली, भाताला कुकर लावला, आणि शनिवारी कॉलेजला जाईपर्यंत त्यांच्याशी अतिशय व्यवस्थित वागली. पोळी वाढली, शर्टाचं बटण शिवलं, चहात साखर बरोबर टाकली. कुवेसकर दोन रात्री पंख्याकडे बघत पडून राहिले. ती रागावली होती की घाबरली होती? तिची आई शुगरमुळे शेवटची सहा वर्षं डोळ्यांनी काही पाहू शकत नव्हती, हे त्यांना माहीत होतं. ते तेव्हा नेत्रालयात दोन वेळा गेलेही होते. पण तो विषय घरात कधी निघत नसे, आणि निघत नाही म्हणजे संपला असणार, अशी त्यांची समजूत होती.

कॉलेजात संघमित्रा मॅडमनी अरुणाचं रक्त तपासलं. उपाशीपोटीची साखर सात आठवड्यांपूर्वी एकशे अडतीस होती, ती एकशे चौसष्ट झाली होती. कुवेसकरांची पहिल्यापासून ठीक होती, ती तशीच ठीक होती. त्यांचं वजन मात्र तीन किलो दोनशेनं उतरलं होतं. एरवी ही बातमी त्यांनी लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनाही सांगितली असती. आता ते काट्यावरून असे उतरले जणू तीन किलो कोणाच्या पिशवीतून उचलले होते.

“चूक आमचीही आहे,” मॅडम म्हणाल्या. “एकाच घरातले दोघं होते. आम्ही फोन करून खात्री करायला हवी होती. आता तुमची दोघांची माहिती अभ्यासात घेता येणार नाही. पण काकू, हा आकडा फार मोठा नाही. डॉक्टरांना दाखवा. आणि आता तुम्हाला कोणतंच पत्र लागू नाही. चाला.”

मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. अभ्यासातून बाहेर पडण्याचं कारण. आजारपण, वेळेचा अभाव, स्थलांतर, इतर. ‘इतर’ असल्यास एका ओळीत लिहा.

कुवेसकरांनी सवयीनं खिशाचं पेन काढलं. अरुणाने ते त्यांच्या हातातून घेतलं. ‘इतर’वर खूण केली आणि मशीनवर काज करावं तशा एकसारख्या अक्षरात लिहिलं, ‘यजमान माझ्या वाटणीचं चालले.’

कुवेसकरांनी ते वाकून वाचलं. “निदान ‘चुकून’ तरी घाल,” ते हळूच म्हणाले.

“त्यांना काय समजायचं ते समजू दे,” अरुणा म्हणाली, आणि सही केली.

संघमित्रा मॅडमनी कागद वाचला, चष्मा वर सरकवला, आणि काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकल्या. बराच वेळ त्या वर आल्या नाहीत.

बाहेर ऊन चढायला लागलं होतं. फाटकाशी एक रिक्षा उभी होती. कुवेसकरांनी हात वर केला, पण तोवर अरुणा रिक्षाच्या पुढून निघून गेली होती. चप्पल घालून, पर्स काखेत धरून, वहाणेचा टपटप आवाज करत ती भराभर चालत होती. कुवेसकरांनी रिक्षावाल्याकडे बघून हात खाली घेतला, आणि तिच्या मागून निघाले.

“कुठवर जायचंय?”

“बघू.”

कॉलेजापुढचा तो करंजाड्याचा रस्ता नवाच होता. दोन्ही बाजूंना अर्ध्या बांधलेल्या इमारती, मध्ये एखादं जुनं घर, त्याच्या अंगणात वाळत टाकलेल्या मिरच्या. दहा मिनिटांत अरुणाचा वेग कमी झाला, धाप लागली. सात आठवड्यांचा सराव असल्यामुळे कुवेसकरांना मात्र काहीच होत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. माणसाला कसलाही दम न लागणं हा अपराध होऊ शकतो, हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

“अरुणा,” ते म्हणाले, “मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. कोणाचा फॉर्म आधी दिला ते.”

“मी सांगत होते.”

“हो. तू सांगत होतीस.”

“तुम्ही रेशन कार्ड काढलंत.”

“हो.”

पुढे शंभरेक पावलं गेली. कुवेसकरांना वाटलं, अजून काहीतरी बोलायला हवं. शेवटी त्यांना जे वाटत होतं तेच ते बोलले. “तुझ्या आईंचं मला आठवायला हवं होतं. मला ते… मी आपला नियम वाचत बसलो.”

अरुणाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, की आणखी काही, त्यांना काही उमगलं नाही. ती एवढंच म्हणाली, “हळू चाला जरा. एकटे नाही आहात.”

चौकात मोठा रस्ता लागला. दोन्हीकडून कंटेनर सुसाट जात होते. अरुणाने रस्ता ओलांडण्यासाठी त्यांच्या शर्टाची बाही कोपरापाशी घट्ट पकडली. दोघं अर्ध्यात थांबले, एका टँकरला जाऊ दिलं, आणि पलीकडे पोचले. पलीकडे फुटपाथ होता, सावली होती, वाहनं नव्हती. तरी तिनं बाही सोडली नाही.

रस्ता ओलांडून झाला की बाही सोडायची, एवढं तिला कळत होतं. मग हे काय? विसरली? दमली? की हे मुद्दाम? अठ्ठावीस वर्षांच्या संसारात रस्त्यात त्यांनी एकमेकांना असं कधी धरलेलं नव्हतं, त्यामुळे आता बाहीचं काय करायचं, हात ताठ ठेवायचा की सैल सोडायचा, हेही त्यांना कळेना. ‘अगं, रस्ता ओलांडून झाला’ असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. मग मिटलं.

घरी परतायला जे पनवेल स्टेशन गाठायचं, ते मागे, बरोबर उलट दिशेला राहिलं होतं. हे त्यांना चौकातच कळलं होतं. ते पाऊण तास तसेच, चुकीच्या दिशेनं चालत राहिले.